बाळ नेण्याचा मान

सुज्ञ वाचकहो, एका यहुदी शिंप्याच्या दुकानी, प्रार्थनागृहाचे वयोवृद्ध चिटणीस कोटाचे माप देत असता जो संवाद घडला, तो येथे यथामती सादर होत आहे. सुंतेच्या दिवशी तान्ह्या बाळाला आईपासून प्रार्थनागृहात नेण्याचा मान आमचा समाज अपत्यहीन जोडप्यास देतो, जेणेकरून त्यांचीही कूस उजवावी. एवढे ध्यानी असावे.

चिटणीस : तर मास्तर, उद्याचं पक्कं. बाळ तुम्ही दोघांनीच आणायचं.

शिंपी : पक्के. आम्ही अनुभवी माणसे आहोत. आम्ही नेलेले पहिले बाळ परवा मिशी घेऊन विजारीचे माप द्यावयास आले. मला काका म्हणाले. आमच्या हातगुणाने शेजारणीस जुळे झाले; आमच्या घरी मात्र काय ते शिलाईयंत्रच रडते.

बायको : (पडद्याआडून, काज करता करता) उद्या? अहो, उद्या सकाळी डॉक्टरीणबाईंकडे जायचंय ना?

शिंपी : जावयाचे आहे.

बायको : मग इकडे पक्कं कसं?

शिंपी : तिकडेही पक्केच आहे. दोहींकडे होकार देण्याची मला ईश्वरी देणगी आहे.

बायको : पुस्तकी बोलू नका. चिटणीसकाका, उद्या दवाखान्यात तयार केलेला गर्भ माझ्या पोटात सोडणार आहेत. मागच्या खेपेला टिकला नाही. आता हा शेवटचाच उरलाय.

चिटणीस : आणि हे मला सांगायचं नाही, मास्तर?

शिंपी : कसे सांगावे? आपण एवढ्या मायेने बाळ हाती देता. नाही म्हणणारी जीभ मी स्वतःच केव्हाची टाचून टाकली आहे, तीही दुहेरी दोऱ्याने.

बायको : माया आहे हो, काका. पण बाळ हातात आलं की सगळ्यांची नजर माझ्या पोटावर. मग बाळ घेतात काढून, आणि हे हात कुठे ठेवावेत तेच मला कळत नाही.

चिटणीस : मी तर दर वेळी हट्टानं तुमचंच नाव पुढे करायचो. घरी बायकोला ऐकवायचो, बघ, मी केवढा उपयोगी माणूस.

शिंपी : तरीच छातीचे माप वाढले आहे.

चिटणीस : वाढू द्या. उद्या बाळ त्याची आत्या आणेल, तिला हौस आहे. मला सांग पोरी, मागच्या खेपेला दवाखान्यात सोबत कोण होतं?

बायको : कोण असणार? कोणाला सांगितलंच नव्हतं. मी आत, हे बाहेर. बाहेर दोन खुर्च्या आहेत. एकीवर हे बसतात, दुसरीवर पिशवी ठेवतात.

चिटणीस : उद्या मी येतो.

शिंपी : आणि सुंता? आपल्यावाचून ती कशी पार पडावी?

चिटणीस : बाळ आहे, बाप आहे, सुंता करणारे आहेत. चिटणिसावाचून काय अडतंय?

बायको : पण काका, तिथे उपाय सांगायचे नाहीत. कोणाच्या सुनेला कसं झालं, तेही नाही.

चिटणीस : गप्प बसेन.

बायको : तुम्ही?

चिटणीस : प्रयत्न तरी करेन.

शिंपी : परंतु कोट उद्यापर्यंत होणे नाही. आपण काय घालून येणार?

चिटणीस : जुनाच घालेन. तुम्ही फक्त पिशवी मांडीवर घ्या, मास्तर.

आपण वेळ काढून वाचलेत, याबद्दल अंतःकरणपूर्वक ऋणी आहे.
— तोच, शिंपीमास्तर