मे महिन्यात हीटर

भिलाईचा कारखाना उभा होऊन राहिला होता, तवाची गोष्ट सांगतो. मी एका रशियन इंजिनिअरसाहेबाची जीप चालवत होतो. गाडीबी तिकडचीच, आत थंडीसाठी हीटर, इंजिनच्याच गरम पाण्यावर चालणारा. त्याचा नळ आमी कधी उघडलाच नाही.

एक दिवस रेडिएटर धुऊन नवीन पाणी भरलं, अन् तवापासून गाडी तापाले लागली. कॅम्प-१ पासून साइटवर जाईपर्यंत दोनदा थांबा. फोरमन म्हणे, "आता थांबली तर तुले गाडीवरून काढतो."

साहेबाले सांगितलं. त्यानं इंजिन थंड होऊ देल्लं, रेडिएटरचं झाकण काढलं, गाडी चालू केली अन् हीटरचा नळ पूर्ण उघडला. आत नुसती भट्टी.

मी इचारलं, "साहब, मई में हीटर क्यों?"

"पाइप में हवा. बाहर निकालना."

खरंच, रेडिएटरात बुडबुडे आले अन् पाणी खाली गेलं. मी लोटाभर आणखी ओतलं. गरमीचा काटा उतरला.

मी हीटर बंद कराले गेलो, तर साहेबानं माहा हात धरला.

"और हवा है, साहब?"

"नहीं. घर में ऐसे चलता. दो मिनट."

तो डोये मिटून बसला. दोनाचे दहा मिनिटं झाले. मी घाम पुसत राहिलो, पण नळाले हात नाही लावला.