अर्धी दाढी, पूर्ण नामंजुरी

…आणि वर विम्याच्या ऑफिसातून मला म्हणतात कसे, "अहो, तुमची शुगर तर फारच छान आहे की हो!" छान आहे म्हणून पंप नाही! तुम्हाला सांगतो, दुकानात गिऱ्हाईक बसलेलं, फोन मान वाकडी करून खांद्याशी दाबलेला, एका हातात कंगवा, दुसऱ्या हातात कात्री, आणि हे वाक्य कानात पडलं… माझी कात्री हवेतच! खालून गिऱ्हाईक विचारतंय, "झाले का कापून?" अहो, कसले झाले, आत्ता कुठे माझं कापायला सुरुवात झालीय!

नाही, तुम्हाला मुळापासून सांगायला हवं. मला डायबेटिस. थांबा, थांबा, लगेच तसे बघू नका! मला माहितीय तुम्ही मनात काय म्हणालात. "गोड फार खाल्लं असणार." हो ना? माझ्या खुर्चीत बसणारं प्रत्येक डोकं हेच म्हणतं. एक जण म्हणतो भात सोड, दुसरा म्हणतो पहाटे उठून चाल, तिसरा म्हणतो कसलासा कडू पाला चावून खा, माझ्या मेव्हण्याच्या साहेबांचा गेला! अहो, त्यांचा असेल टाइप टू, माझा टाइप वन! लहानपणीच माझ्या शरीराने इन्सुलिन बनवणं बंद केलं, एकदम बंद, शटर खाली! मी शाळेत होतो हो, चड्डीत! तेव्हापासून बाहेरून टोचून घ्यायचं, जेवायच्या आधी टोचायचं, झोपायच्या आधी टोचायचं, कमी पडलं तर शुगर वर, जास्त झालं तर शुगर खाली. आणि खाली गेली ना, की हात लटलटा कापतात, घाम फुटतो, समोरचं गिऱ्हाईक एकाचं दोन दिसायला लागतं… आता दुसऱ्या कुणाचे हात कापले तर काय होतं? पेन पडेल, बशी फुटेल. माझ्या हातात काय असतं? वस्तरा! आणि तो कुठे असतो? लोकांच्या गळ्यावर!

म्हणून मी नियमच केलाय. दाढीला माणूस बसला, की आधी मी माझं बोट टोचणार, थेंब पट्टीवर घेणार, आकडा बघणार, आणि मगच साबण फेसायला घेणार. आपलं हे एकच सलून असेल हो, जिथे वस्तरा गिऱ्हाइकाला लागायच्या आधी सलूनवाल्याचंच रक्त निघतं! नवीन गिऱ्हाईक तर बघूनच उठून जातं. त्याला वाटतं, हा स्वतःवर सराव करतोय.

आणि बायको… काय सांगू तुम्हाला. रोज दुपारी तिचा दुकानात फोन. "अहो, मीठ कुठे ठेवलंय?" रोज! स्वतःच्या स्वयंपाकघरात हिला मीठ सापडत नाही? पहिल्यांदा मी चिडायचो. मग लक्षात आलं. मी नीट बोलतोय ना, जीभ जड झाली नाही ना, एवढंच ऐकायचं असतं तिला. मीठ कुठे आहे ते तिला चांगलं माहितीय. तिला भीती वाटते. आणि खरं सांगू, मलाही वाटते. मीही रोज सांगतो, "फडताळात, वरच्या खणात." ती म्हणते, "हां हां, सापडलं." फोन बंद.

तर आमच्या डॉक्टरीणबाई, चड्डीतला होतो तेव्हापासून मला ओळखतात, त्या म्हणाल्या, "अरे, तुझ्या कामाला इंजेक्शनं पुरायची नाहीत. तू पंप लावून घे." म्हटलं, पंप म्हणजे? मला वाटलं, सायकलचा. तर तसं नाही. कमरेला एक डबी, एवढीशी, त्यातून बारीक नळी पोटाला, थेंब थेंब इन्सुलिन आत जात राहतं, आणि शुगर घसरायला लागली की ती डबी आपली आपणच थांबते. थांबते हो! इंजेक्शन एकदा टोचलं की टोचलं, ते काय परत बाहेर काढता येतं? पंप मात्र हात आवरतो. मी म्हटलं, बाई, हेच मला पाहिजे! त्या म्हणाल्या, "पण ते महाग असतं, विम्याच्या ऑफिसातून मंजुरी आणावी लागेल." म्हटलं, आणतो की, त्यात काय?

त्यात काय! काय बावळट मी!

मंजुरीचे एक साहेब आहेत. मोठं टेबल, त्यावर कॉम्प्युटर, आणि कॉम्प्युटरच्या मागे साहेबांचं डोकं. फक्त डोकं! कारण साहेब मान वर करतच नाहीत. मी तीनदा गेलो, तोवर मला साहेबांचा चेहरा माहीत नव्हता, पण टाळू तोंडपाठ झाली. भोवरा डावीकडे, मागे थोडं विरळ, आणि कुणीतरी कानावर चुकीची कात्री मारलेली. पहिल्यांदा गेलो तेव्हा काय झालं ते सांगितलंच, फोनवर कळवलं की शुगर छान आहे. डॉक्टरीणबाईंनी सगळं लिहून दिलेलं, की हा दिवसातून कितीदा बोटं टोचतो, किती जपतो, म्हणून सरासरी चांगली दिसते. तर साहेब काय म्हणाले? "जपता ना? मग जपा की! मशीन कशाला?"

मग मला आला ताप. सणसणीत. आणि तापात शुगर गेली वर, अशी वर गेली की खाली यायलाच तयार नाही. बायको रडकुंडीला, आणि मी? मी अंथरुणात हसतोय! ताप उतरला तसा मी आकडे घेऊन धावत ऑफिसात, "साहेब, झाली! शुगर वाईट झाली!" लॉटरी लागल्यासारखा! भोवरा हलला. आतून आवाज आला, "अरे बापरे… इतकी वाईट? म्हणजे तुम्हाला शिस्तच नाही. अहो, इतकं नाजूक मशीन बेशिस्त माणसाच्या हातात कसं द्यायचं?" तुम्हाला सांगतो, हातात कात्री नव्हती, पण असती तर हवेतच राहिली असती! चांगली म्हणून नाही, आणि वाईट म्हणूनही नाही! मग कशी पाहिजे? मधली? साहेब म्हणाले, "मधली असेल तर प्रश्नच मिटला ना!"

तिसऱ्यांदा गेलो. म्हटलं, साहेब, शुगर सोडा, माझे हात कापतात, वस्तरा असतो हातात, माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे. "कुणी पाहिलंय का कापताना?" म्हटलं, हो, आजोबांनी. आमच्या दुकानात एक टकले आजोबा रोज येऊन बसतात. डोक्यावर औषधाला केस नाही, पण सकाळी पेपर उघडायला माझ्याच दुकानात. "ते आजोबा डॉक्टर आहेत का?" नाही साहेब, पोस्टात होते. "मग चालायचं नाही. एखाद्या जबाबदार अधिकाऱ्याने प्रत्यक्ष पाहिलं पाहिजे." आता जबाबदार अधिकारी मी कुठून आणू? आणि आणला, तर त्याच्यासमोर ठरवून शुगर कशी पाडू? नळ आहे का तो?

आणि मग ऐका! ऐका हं! दुपारची वेळ, मी जेवणाचं इंजेक्शन नुकतंच टोचलेलं, डबा उघडतोय, झाकणाला हात लावलेला, तेवढ्यात दार उघडून एक गृहस्थ आत. "पटकन दाढी करा, वरच्या साहेबांबरोबर मीटिंग आहे, आमचा नेहमीचा माणूस आज बंद आहे." म्हटलं, दोन घास खाऊन घेतो. "अहो, दोन मिनिटांचं काम! जेवण कुठे पळून जातंय?" आणि बसले. मी कापड बांधलं, मान पुढे वाकवली… आणि समोर काय? डावीकडचा भोवरा! मागे विरळ! कानावर चुकीची कात्री! साहेब! अहो, साक्षात साहेब, माझ्या खुर्चीत! चेहरा पहिल्यांदा बघितला, चांगला गुबगुबीत होता. आणि साहेबांनी मला काही ओळखलं नाही, कसं ओळखणार, कधी बघितलं असेल तर ना!

बोट टोचलं, आकडा ठीक होता. फेस केला, लावला, वस्तरा धरला, आणि सहज, अगदी साधेपणाने विचारलं, "साहेब, कुठे असता कामाला?" तर साहेब डोळे मिटून म्हणतात, "विम्यात, मंजुरीला. काय सांगू, लोक काय काय थापा मारतात! परवा एक सलूनवाला आला होता. म्हणे दाढी करताना हात कापतात! सगळी नाटकं. हात कापत असते तर दुकान चाललं असतं का?"

या वेळी कात्री नव्हती. वस्तरा! वस्तरा हवेतच!

आणि तुम्हाला सांगतो, तो रागाने थांबलाय असं मला वाटलं. पण कपाळावर घाम आला… मानेवरून ओघळला… आरशात साहेब दोन झाले, दोघांच्या गालावर फेस, आणि माझा हात… अहो, कापायला लागला! जेवण राहिलं आणि इन्सुलिन आत काम करतंय! साहेबांचा उजवा गाल गुळगुळीत, डावा पांढराशुभ्र, आणि मी वस्तरा मिटून लांब, पार फडताळावर ठेवला, म्हटलं, "साहेब, हलू नका," आणि बाकावर कोसळलो. टकले आजोबा पेपर टाकून उठले, चहाच्या साखरेचा डबा उघडला आणि मूठभर माझ्या तोंडात कोंबली, अर्धी तोंडात, अर्धी शर्टात! तेवढ्यात फोन वाजला. आजोबांनी उचलला, पलीकडून बायको, "अहो, मीठ कुठे ठेवलंय?" आजोबा ओरडले, "मीठ नको, साखर देतोय!" झालं! ती चपला न घालता धावत आली. माझं डोकं मांडीवर घेऊन बसली, आणि माझा कापणारा हात तिने दोन्ही हातांत गच्च धरून ठेवला.

आणि साहेब? तसं म्हणाल तर साहेब भला माणूस. अर्ध्या फेसाने उभे राहिले, टॉवेलने मला वारा घातला. "काय होतंय? काय होतंय यांना?" मी जरा भानावर आलो, म्हटलं, "साहेब, काही नाही. तो परवाचा सलूनवाला… तो मीच." साहेबांचा हात हळूच स्वतःच्या गळ्यावर गेला. बराच वेळ तिथेच राहिला. मग म्हणाले, "मी पाहिलं. या डोळ्यांनी पाहिलं. आजच्या आज लिहितो!" आणि उरलेला फेस पुसून, अर्ध्या दाढीनिशी, तसेच मीटिंगला गेले. मी म्हटलं, सुटलो! अहो, जबाबदार अधिकारी, प्रत्यक्ष पाहणी, आणि तीही त्याच्याच गळ्यापाशी! बायको त्या दिवशी पहिल्यांदा हसली. आजोबा म्हणाले, "पंप आला की पहिली दाढी माझी." त्यांना दाढी तरी येते, एवढं बरं.

मग काही महिन्यांनी आला फोन. विम्याच्या काउंटरवरच्या ताई. "निर्णय झालाय, वाचून दाखवू?" म्हटलं, वाचा, सावकाश वाचा! आणि ताई वाचायला लागल्या, "अधिकाऱ्यांच्या प्रत्यक्ष पाहणीत असं दिसून आलं, की शुगर कमी झाल्याचं अर्जदाराला वेळेवर कळतं, तो वस्तरा स्वतःहून बाजूला ठेवतो, आणि आजूबाजूचे लोक त्याला साखर देतात. सबब, गिऱ्हाइकाच्या जिवाला कसलाही धोका नाही. पंपाची आवश्यकता नाही." खाली सही साहेबांची! कात्री हवेतच! ती खाली आली आणि समोरच्या गिऱ्हाइकाचा एक कल्ला उडाला, त्याला दुसराही उडवून घ्यावा लागला, सारखं करायला!

म्हणजे मी वस्तरा बाजूला ठेवला, हा माझा गुन्हा? ठेवला नसता तर मंजूर झालं असतं? पण मंजूर करायला साहेब राहिले असते का?

ताई हळूच म्हणाल्या, "अपील करता येतं." कुणाकडे? "साहेबांकडेच."

गेलो. तेच टेबल, तोच कॉम्प्युटर, तोच भोवरा. म्हटलं, "साहेब, धोका नाही असं लिहिलंत तुम्ही?" आणि साहेबांनी मान वर केली. पहिल्यांदा! बघतो तर काय… दाढी! ही एवढी! छातीकडे निघालेली! म्हटलं, "साहेब, वेडीवाकडी वाढलीय. या एकदा दुकानात, नीट करून देतो." साहेब खुर्चीसकट मागे सरकले. गळ्यावर हात. म्हणाले, "नको नको. आधी तुम्हाला पंप मिळू दे, मग बघू."

"अहो पण साहेब, पंप तुम्हीच द्यायचाय ना!"

"हो," म्हणाले, "विचार चालू आहे."

बायकोचा रोजचा फोन चालू आहे, मीठ अजून वरच्या खणातच आहे, माझं बोट टोचणं चालू आहे. आता बघायचं, माझा पंप आधी येतो की साहेबांची दाढी आधी पोटापर्यंत पोचते. टकले आजोबा म्हणतात, दाढी.