भुताच्या दहा हाका

बरोबर संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी माझ्या मोबाइलवर स्वराच्या गेमच्या अकाउंटचा कोड आला आणि स्वरा ओरडली, "मम्मा, कोड दे, फास्ट! रोहनदादा गेममध्ये गिफ्ट देतोय!"

रोहन म्हणजे माझा गुहागरचा भाचा. पण हा तोच कशावरून? कोड भलत्याला गेला, तर पोरीचं दोन वर्षं खेळून जमवलेलं अकाउंटच जायचं.

एकदम आई आठवली. तिन्हीसांजेला आम्ही अंगणात खेळताना ती बजावायची, "पहिल्या हाकेला ओ देऊ नका. भूत एकदाच हाक मारतं, आपलं माणूस तीनदा." इथे दुबईत मला नावानं हाक मारणारंच कोणी नाही, नुसती बेल वाजते.

"थांब, तीनदा मागू दे," मी म्हटलं.

"मम्मा, ही आस्क्ड टेन टाइम्स! नॉट अ घोस्ट!"

"मग विचार, आजी तुला लाडानं काय म्हणते?"

गेममध्ये उत्तर आलं, "माय ग्रॅनी इज डेड."

मी लगेच आईला फोन लावून हे सांगितलं. ती म्हणाली, "मेले मी? मग रोहनला हा भात कोण वाढतंय?"

हसता हसता डोळे भरून आले. बायांनो, सगळ्या आयांना सांगा, हल्लीचं भूत दहा हाका मारतं. कोड कुणालाच देऊ नका.