संकष्टीची गोळी

…अवो, हसतायसा काय? कुत्र्याला गोळी चारते म्हणून हसतायसा? चारणार! दर संकष्टीला चारणार!

आमचा लाल्या ठाऊक हाय न्हवं तुमास्नी? अख्ख्या दिग्गी गावात तसं कुत्रं न्हवतं. भातात रानडुक्कर शिरलं की एकटा पार ओढ्यापतोर हाकलत न्यायचा… आणि मागल्या साली काय झालं, चार ढांगा टाकल्या की खोकायचा, मटकन बसायचा, पोट फुगलं, बरगड्या दिसाया लागल्या. आमचे हे म्हणाले, “म्हातारा झाला गं.” म्हातारा? पाच वर्सांचा? शेजारचे येसूमामा म्हणाले, “ओवा चार, सुमंगला, ओवा!” चारला. शेवटी बशीत घालून रामनगरला नेला, तिथल्या जनावरांच्या शिल्पा डाक्टरीणबाईंनी रगत तपासलं. मग म्हणाल्या, “अक्का, याच्या काळजात जंत झालेत. शेवयांएवढे लांब. फार उशीर झाला हो.”

काळजात जंत! पोटात ऐकलंवतं, काळजात कुणी सोडलं? तर म्हणे डास! आजारी कुत्र्याला चावायचा, मग धडधाकटाला चावायचा, आणि जाताना जंताचं बी सोडून जायचा. आठ दिसांत लाल्या गेला. फणसाखाली पुरला त्येला, रडले, आणि उठताना ठरवलं… आता दुसरं कुत्रं असं जाऊ द्यायचं न्हाई!

मग आणला ढोल्या. पयलं रगत तपासलं, वजन केलं, डाक्टरीणबाईंनी जंत लागू नयेत म्हणून गोळी लिवून दिली, महिन्याला एक. विसरू नये म्हणून मी संकष्टी धरली. पण ह्यो ढोल्या! भाकरीत घातली, भाकरी खाल्ली, गोळी थुकली. गुळात घातली, गूळ चाटला, गोळी माझ्या पायावर! शेवटी सुक्या बांगड्यात कोंबली. तर आमचे हे दारात हुबे, “अगं, उपास तुझा आणि बांगडा कुत्र्याला? संकष्टीला?” म्हटलं, गणपतीबाप्पाचं मी बगते, तुमी कुत्र्याचं तोंड धरा! संकष्टीला गोळी म्हंजे गोळी!

आणि आमची मांजर? तिला डास चावत न्हाईत व्हय? डाक्टरीणबाईंनी बजावलं, “मांजराला हा रोग झाला तर जंत मारायचं औषधच नाही, आधीच जपा.” तिचं थेंबाचं औषध, मानेवरचे केस बाजूला करून कातडीवर सोडायचं. सोडलं. हे बगा हात… कोपरापतोर ओरबाडे!

तवर येसूमामा आपल्या कुत्र्याला घेऊन आले कुंपणापाशी, “सुमंगला, आमच्या राजालाबी खोकला हाय गं, अर्धी गोळी मोडून दे की.” मी म्हटलं, मामा, अर्धी न्हाई आणि अख्खीबी न्हाई! जंत आदीच शिरलं असलं तर नुस्ती गोळी अंगावर यायची. आदी रगत! मामा म्हणाले, “उद्या बगू.” उद्या? लाल्याचं उद्या बगूनच गेलं! तितंच मामाला आणि राजाला दोगांना धरलं, बशीत चढवलं. कंडक्टर वराडतोय, “नायी बेडा अक्का, नायी बेडा!” म्हटलं, कुत्रं नको तर मलाबी हितंच उतरव, पण मग बस जाते कशी बगते! तिकिटं फाडली त्येनं!

राजाला जंत निघालं. पण वेळेत! सुया झाल्या, काळजावर ताण नको म्हणून कित्येक महिने बांधून ठेवला, पळू दिला न्हाई, आणि वाचला! परवा मामा पारावर सांगत हुते, “ओव्यानं बरा झाला.” ओव्यानं! जाऊ दे. आता संकष्टीला वाडीतली सगळी कुत्री मीच बगते, रगत तपासून ज्येला त्येला लिवून दिलेल्या गोळीनिशी.

आणि आमचा ढोल्या? औंदा रगत तपासलं… साफ! शेपटी अशी हलवतोय, डुकरं हाकलतोय. फकस्त मी अंगणात आले की पळून जातो आणि ह्यांच्या मांडीत तोंड खुपसतो, ज्येंनी आजपतोर त्येच्यासाटी कायबी केलं न्हाई! हे त्येचं डोस्कं खाजवत मलाच म्हणतात, “माया लावावी लागते गं जनावराला…”

असू दे. जिता हाय न्हवं? मग बसू दे तितंच.