वॉल्टरच्या अंगणातली पाटी

मंडळी, एक प्रश्न विचारतो. उत्तराची घाई करू नका, तुमची घाईची उत्तरं मला पाठ आहेत! ज्याचं मत ऐकून तुमच्या अंगाची लाही होते, त्याच्या हातून डोळ्यात औषध घालून घ्याल का? मान मागे, डोळा सताड उघडा, आणि वर त्याचा हात! घ्याल?

खांबापाशी कोण हसलं? हसा, हसा. शेवटी तुमच्याकडेच येणार आहे मी!

तर ऐका. अमेरिकेत वरच्या अंगाला डोंगरातलं एक गाव, पाइनगेट. मी गेलेलो नाही हो, माझ्याकडे साधा पासपोर्ट नाही! पण आपल्या वाईच्या कुमुदताई राजोपाध्ये तिथं एकेचाळीस वर्षं राहतात, त्यांच्या तोंडून ऐकलंय. त्यांचा शेजारी वॉल्टर. वय अठ्ठ्याहत्तर, बायको वारलेली, मुलगा दूर टेक्सासात. घरात दुसरा आवाज म्हणाल तर टीव्हीचा. आणि टीव्हीवर काय? चौघं एकमेकांवर भुंकतायत आणि मधला कोटवाला म्हणतोय, "वा, अजून जोरात!" तुम्हाला ओळखीचं वाटतंय ना? वाटणारच!

या वॉल्टरच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दिवसातून चार वेळा औषधाचे थेंब. पण त्याचा हात कापायचा, थेंब नाकावर! मग कुमुदताई जायच्या. "वॉल्टर, मान वर. हलू नकोस, लहान आहेस का?" आणि वॉल्टर काय करायचा? आपल्या ट्रकला पुढे लोखंडी फाळ लावायचा आणि पहाटे ताईंच्या दारापर्यंतच्या वाटेवरचा बर्फ सारून द्यायचा. न सांगता. एकेचाळीस हिवाळे!

आणि आली निवडणूक. तिकडे रीत अशी, की आपल्या पुढाऱ्याच्या नावाची पाटी आपल्या अंगणात रोवायची. वॉल्टरनं रोवली. ताईंना तो पुढारी डोळ्यांसमोर नको! कुठल्या पक्षाचा? सांगणार नाही! सांगितलं की निम्मे तुम्ही खूश, निम्मे चपला शोधायला लागणार. ताई औषध घालताना एवढंच म्हणाल्या, "या माणसासाठी जागा खर्च केलीस? त्यापेक्षा टोमॅटो लाव." तो म्हणाला, "बर्फात?" दोघं हसले. संपलं!

संपलं असतं हो. पण फेब्रुवारीत वादळ आलं. वाऱ्यानं पाटी उपटली. आणि वॉल्टरच्या दाराच्या घंटीत होता कॅमेरा, मुलानं टेक्सासातून बसवलेला. त्यात दिसलं काय? ताई वाकतात, पाटी उचलतात, बगलेत मारतात, घरी जातात. आठ सेकंद! मुलानं ते आठ सेकंद फोनवरून जगाला वाटले. दुसऱ्या दिवशी वॉल्टरच्या दारात टीव्हीची गाडी!

बातमीदार पोरगी गोड बोलणारी. "आजोबा, वाईट वाटलं असेल ना?" — "वाटलं." — "चोर म्हणाल त्यांना?" — "म्हणेन." — "त्या बाहेरून आलेल्या ना?" आता बघा, प्रश्न कसा सरकवला! आणि वॉल्टर, दिवसभर तोच टीव्ही प्यायलेला वॉल्टर, बोलून गेला, "आमचं पटत नसेल तर जावं परत आपल्या देशात!"

एकेचाळीस वर्षं, मंडळी! ज्या हातानं डोळा राखला त्या हाताला म्हणाला, परत जा! ते वाक्य रात्रीच्या जेवणापर्यंत अकरा वेळा दाखवलं. पहिल्या वेळी वॉल्टरला बरं वाटलं. चौथ्यांदा त्यानं मान खाली घातली. अकराव्या वेळी टीव्ही बंद केला, तेव्हा घर एवढं शांत झालं, की औषधाची वेळ झाल्याचं त्याचं त्यालाच कळलं. दार वाजलं नाही. थेंब पुन्हा नाकावर!

पण पहाटे बर्फ पडला, तेव्हा काय केलं त्यानं? गेला, ताईंची वाट साफ केली, आणि दारापुढचे शेवटचे सहा फूट तसेच ठेवले! राग सहा फुटांचा! याच्या पलीकडे त्याला रागावताच येईना. म्हणा रे नाम, दोन टाळ्या वाजवा, त्या म्हाताऱ्यासाठी!

मार्चात गावाची सभा भरली. सगळं गाव शाळेच्या हॉलमध्ये, सोबत घरून आणलेलं जेवण. आणि तिथला नियम कडक : एकमेकांशी थेट बोलायचं नाही! जे बोलायचं ते मधे बसलेल्या अध्यक्षबाईंना सांगायचं. आपल्याकडे नवराबायको नाही का अबोल्यात पोराला सांगत, "तुझ्या बापाला म्हणावं, जेवायला वाढलंय"? अगदी तसं!

रस्त्याचा विषय झाला, शाळेच्या छपराचा झाला, मग आले इतर विषय. वॉल्टर उठला. टीव्हीची पोरगी कॅमेरा सरसावून पुढे.

"अध्यक्षबाई, शेजारीणबाईंना विचारा, माझी पाटी कुठंय?"

"अध्यक्षबाई, त्या गृहस्थांना सांगा, गाडीत आहे. आणते."

ताई गेल्या, घेऊन आल्या. मंडळी, पाटीचे तारेचे पाय वाऱ्यानं मोडले होते, त्या जागी दोन लाकडी दांडके ठोकलेले. आणि आवळून बांधलं होतं कशानं? जुन्या हिरव्या लुगड्याच्या काठानं!

"अध्यक्षबाई," ताई म्हणाल्या, "पाय मोडला होता म्हणून दुरुस्तीला नेली. सकाळी परत करणार, तर टीव्हीवर मी चोर! चोर म्हणणाऱ्याच्या दारात मी कशी जाऊ? या पाटीवरच्या माणसाला मी जन्मात मत देणार नाही. पण पाटी वॉल्टरची आहे."

वॉल्टर त्या हिरव्या गाठीकडे बघत राहिला. तेच लुगडं नेसून ही बाई त्याच्या बायकोच्या उशाशी बसली होती, शेवटचे तीन दिवस.

"अध्यक्षबाई," तो म्हणाला, "माफ करा, नियम मोडतो." आणि वळला. सरळ ताईंकडे. "कुमुद, परत जा म्हणालो ते तुला नाही लागू. हे तुझं गाव आहे. मी मूर्ख बोललो, सगळ्यांसमोर बोललो, म्हणून सगळ्यांसमोर परत घेतो."

ताई काय म्हणाल्या? "डोळा लाल झालाय. किती दिवस औषध नाही घातलंस?"

आणि टीव्हीवाली? बटाट्याचं भरीत उष्टं टाकून कॅमेरा गुंडाळला! यात भांडण नाही, मग बातमी कसली! या माफीचा एक सेकंदही कुठं दिसला नाही, मंडळी, एक सेकंदही!

तिन्हीसांजेला वॉल्टरनं ते सहा फूट साफ केले. ताई बाटली घेऊन आल्या. "मान वर. हलू नकोस." पाटी अंगणात परत उभी, हिरव्या गाठीसकट. आणि ताईंचं मत? जिथं होतं तिथंच!

आता या तुमच्याकडे. अमेरिकेला हसलात, छान! पण खिशातल्या फोनमध्ये अशा आठ सेकंदांच्या किती फिती पुढे ढकलल्यात? पुढाऱ्यावरून कुणाच्या घरचं लग्न टाळलंत? तो पुढारी येणार आहे का तुमच्या डोळ्यात औषध घालायला? दवाखान्यात जागायला? अरे, त्याला तुमचं नाव ठाऊक नाही!

बुक्का लावून घ्या आणि सरळ घरी जाऊ नका. ज्याच्याशी बोलणं टाकलंय, त्याच्या दारावरून जा. तुमचेही सहा फूट राहिलेत कुठंतरी. दार वाजवा. तोवर प्रसाद मी झाकून ठेवतो, दोघं मिळून या.