एसटीनं येणारी प्रिंट

तुमचं वायफाय राहू द्या बाजूले, आमच्या मुलचेऱ्याचा प्रिंटर एसटीवर चालते!

झालं असं, मी मुलचेऱ्याच्या बांबू डेपोत बसून वरोऱ्याच्या हापिसातला कम्प्युटर इथूनच चालवतो. त्या दिवशी बांबूचा ट्रक भरून उभा होता, फक्त बिल्टी, म्हणजे माल नेण्याचा कागद, पाह्यजे होती. प्रिंट मारली, कागद निघेना. पुन्हा मारली, मंग मारतच राह्यलो. ड्रायवर हॉर्न वाजवून राह्यला.

तेवढ्यात वरोऱ्याच्या हापिसातून रफिकभाईचा फोन. "भाऊ, इथी मशीन आपल्याच मनानं बिल्ट्या ओकून राह्यली! प्लग काढून पुन्हा लावला, तर डबल जोरानं सुरू झाली!"

"भाई, त्या माह्याच हायेत! एक मुलचेऱ्याच्या गाडीत कंडक्टरजवळ देऊन टाका."

संध्याकाळी बिल्टी उतरली, तवा ट्रक हालला. मंग रोज तसंच चाललं.

शेवटी शेटनं नागपूरचा इंजिनियर लावला. त्यानं तिथूनच सेटिंग बदलली अन् म्हणाला, "आता प्रिंट मुलचेऱ्यातच निघेल."

निघाली ना! माहीबी निघाली, अन् वरोऱ्याच्या हापिसाचीबी इथीच निघाली.

आता रोज सकाळी रफिकभाई फोन करून विचारते, "भाऊ, माह्या कागदाले गाडीत जागा भेटली का?"