तिसरा खटका

नाही, बॉनेट उघडू नका. इंजिन नाही बघायचं मला. मी विचारलं ते साधं होतं — तुम्हाला इथे पाठवलं कुणी? फलक बघून आलो म्हणता. साहेब, माझ्या फलकावरची अर्धी अक्षरं पुसली गेलीत आणि उरलेल्या अर्ध्यांवर शेजारच्या टायरवाल्याने आपला फलक ठोकलाय, तेव्हा फलक बघून इथे कुणी येत नाही. कुणीतरी सांगितलं म्हणूनच येतात. बरं, नका सांगू. घ्या, स्टूल घ्या — ते नको, ते डुगडुगतं, हे घ्या. आणि तो तुमचा ट्रकवाला, तो उतरत का नाही खाली? आल्यापासून काच वर, टोपी डोळ्यांवर, उन्हात बसलाय. गाडी उतरवताना सुद्धा मागचे पट्टे तुम्ही सोडलेत, हा नुसता आतून ट्रकचा फळा खाली करायचा दांडा हलवत होता. सावलीत या म्हणावं. नको म्हणतो? त्याची मर्जी. ट्रक मात्र झकास मागे घेतला हो, ते मानलं. आवारात डाव्या हाताला गटाराचं झाकण आहे ना, ते खचतं. नवा माणूस आला की चाक त्यावर घालतोच, मग मला फळ्या घेऊन पळावं लागतं. याने एका झटक्यात आणला, झाकणाला वळसा घालून, थेट लिफ्टच्या खांबाशी. असो.

तर गाडी. गाडी काय आहे ते मला कळलंय. मुळातच दांडगी, त्यात तुम्ही टर्बो बदललाय, ताकद दीडपट तरी केलीय — नाही? मग हे जाड पाइप काय हौस म्हणून बसवलेत? आणि गिअरबॉक्स मात्र तोच, कंपनीने दिलेला ऑटोमॅटिक. मग व्हायचं तेच झालं. तिसऱ्यातून चौथ्यात जाताना इंजिन नुसतं केकाटतं आणि गाडीला ओढच लागत नाही, आतल्या चकत्या जळून कोळसा, तेलाला करपट वास. बघा, तुम्ही मान हलवायच्या आधी सांगितलं. म्हणून मग मोठ्या जड गाडीतला हा दणकट ऑटोमॅटिक आणलात, हा तुमच्या इंजिनाचा मार हसत हसत खाईल. चांगली वस्तू आहे, नाव ठेवायला जागा नाही. असं काम आम्ही केलंय, नवल त्याचं नाही.

नवल कशाचं आहे सांगू? सगळं झालेलं आहे. हा गिअरबॉक्स तुमच्या इंजिनाला मुळात बसतच नाही, तर मध्ये बसवायची प्लेट कापून तयार, इंजिनावर चढवलेली सुद्धा. बॉक्स तोलणारा खालचा आडवा लोखंडी पट्टा नवीन, वेल्डिंग असं की बोट फिरवावं. मागचा शाफ्ट तोडून मापात आणलेला, तेल थंड करायची जाळी पुढे लावलेली, गिअर बदलणाऱ्या कॉम्प्युटरची वायर सुद्धा ओढून ठेवलीय. म्हणजे महिनाभराचं किचकट काम कुणीतरी निगुतीने केलंय, आणि शेवटचं तास-दोन तासांचं काम — हा कन्व्हर्टर बसवायचा आणि बॉक्स इंजिनाला जोडायचा — तेवढं माझ्यासाठी ठेवलंय. का? ज्याला हे एवढं येतं त्याला तेवढं येत नाही? मला नका सांगू. कुठेतरी पाणी मुरतंय. आता तुम्ही म्हणता मेकॅनिकने सांगितलं, हे काम तिथेच होतं. तिथेच म्हणजे माझ्याकडेच? या शहरात पंधरा जण आहेत कन्व्हर्टर बसवणारे.

तुम्हाला हा कन्व्हर्टर म्हणजे नुसता लोखंडी डबा वाटत असेल. वाटणारच, दिसतो तसाच. याच्यात तेल असतं, त्या तेलातून इंजिनाची ताकद गिअरबॉक्समध्ये जाते. हा गिअरबॉक्सच्या तोंडात ढकलून बसवायचा. आत तीन जागी खाचा आहेत, एकामागे एक, आणि तिन्ही जुळल्या पाहिजेत. ढकलायचा, फिरवायचा, खटका येतो — एक. परत फिरवायचा — दोन. आणि तिसरा, तो नखरेल असतो, कधी लगेच येतो, कधी पाऊण तास रडवतो. दोन आले की माणसाला वाटतं बसला, कारण दिसायला बसलेलाच दिसतो. पण तिसरी खाच तेलाच्या पंपाची. ती जुळली नाही आणि तुम्ही वरून बोल्ट आवळले की पंप आतल्या आत फुटतो. बाहेर काही दिसत नाही. इंजिन चालू केलं की कळतं, आणि तोवर गिअरबॉक्स मेलेला असतो.

हो, पट्टीने मोजता येतं. काठापासून आत किती गेला ते. हे कोण बोललं तुम्हाला? नाही, सहज विचारतो. गिऱ्हाइकाला हे माहीत नसतं. आता सगळे पट्टीनेच मोजतात, पण आमचे वडील पट्टीच्या आधीचे. त्यांचा नियम होता, ढकलणाऱ्याने मोजायचं नाही. ढकलणाऱ्याचे खांदे भरून आलेले असतात, त्याला कधी एकदा संपतंय असं झालेलं असतं, त्याला नसलेला खटका पण ऐकू येतो. म्हणून एकाने ढकलायचा आणि दुसऱ्याने बेलवर, म्हणजे गिअरबॉक्सच्या या रुंद तोंडावर, पंजा ठेवून मोजायचं. मोठ्याने. खटका कानाला ऐकू येतो आणि हाताला पण लागतो. मोजणाऱ्याने तीन म्हटलं की तीन, मग वाद नाही. या शेडमध्ये त्या वेळी कुणी खोकत सुद्धा नसे.

जरा तो बल्ब इकडे करा. बॉक्सच्या मागच्या बोल्टवर धरा — ही रेघ बघताय? पांढरी. बोल्ट पुरता आवळला की त्याच्यावरून खालच्या धातूवर रेघ ओढायची, बोल्ट सैल झाला की रेघ तुटलेली दिसते. ते सगळेच करतात. पण ही रेघ बघा, खालून वर ओढलीय. खालून वर कोण ओढतं? डावखुरा माणूस गाडीखाली झोपून काम करत असला तर. आणि दुसरं म्हणजे इथे रेघेच्या टोकाला ठिपका नाही. तुम्ही म्हणाल, ठिपका कशाला? आमच्याकडे रेघ आवळणाऱ्याची आणि ठिपका तपासणाऱ्याचा. दुसऱ्याने येऊन पाना लावून बघायचं, मग ठिपका द्यायचा. वडिलांचंच हे पण. ही रेघ बघा, टोकाला बोटभर जागा सोडलीय. ठिपक्यासाठी जागा सोडलीय साहेब त्याने. सगळ्या बोल्टवर. एकही ठिपका नाही.

म्हणजे धाकट्याने पाठवलंय तुम्हाला.

तुम्ही खाली का बघताय? माझा भाऊ. सात वर्षांनी लहान. वीस वर्षं या शेडमध्ये आम्ही दोघं, तो गाडीच्या खाली, मी वर. तो बोलत नाही, मी गप्प बसत नाही, म्हणून गिऱ्हाइक माझं आणि काम त्याचं असं लोक म्हणायचे. म्हणू देत. नऊ वर्षं झाली, तो आहे त्या तिकडे, नदीपलीकडे, त्याची स्वतःची शेड आहे म्हणे. मी बघितलेली नाही. एकदा त्या रस्त्याने गेलो होतो, दुसऱ्या कामाने. दोनदा.

आणि आता हे. मला सांगा, त्याच्या मनात काय आहे? साक्षीदार म्हणून पाठवलंय का तुम्हाला? म्हातारा अजून चुकतो का बघून या, असं? तसं असेल तर परत घेऊन जा हे सगळं, पट्टे मी स्वतः बांधून देतो. माझं काम बघायचंय तर तो बघा बाकावर, काल जोडलेला बॉक्स आहे, जा, हात लावून बघा. रेघ आहे, ठिपका आहे. प्रत्येक बोल्टवर. काय? दुसरा माणूस कोण म्हणजे? — दुसरा माणूस नाही. दोन्ही मीच देतो. रेघ द्यायची, जरा चहा पिऊन यायचं आणि ठिपका द्यायचा. मग काय करू, ठिपका नसला तर मला झोप लागत नाही. आणि त्याला लागते, बघा. नऊ वर्षं एकटा काम करतो आणि जागा मोकळी ठेवतो. लहानपणापासून असाच हट्टी.

काय झालं होतं ते त्याने सांगितलंच असेल. नाही सांगितलं? काहीच नाही? मग ऐका माझ्याकडून, नाहीतर उद्या भलतंच ऐकाल. अशीच गाडी होती. असंच काम, जोरदार इंजिन, नवा दणकट ऑटोमॅटिक. मालक इथेच उभा होता, तुम्ही बसलाय तिथे. धाकटा ढकलत होता, मी मोजत होतो. खटके तीन आले. मी तीन मोजले, बॉक्स वर चढवला, बोल्ट लावले, गाडी चालू केली आणि पंप गेला. कण्हल्यासारखा आवाज आला, आणि तेल काढलं तर तेलात चांदीसारखा चुरा. पंपच मुळात खराब असेल. असतो कधी कधी. मालक तोंडाला येईल ते बोलला, कुणी बसवला हा, म्हणाला. मी म्हटलं, धाकट्याने ढकलला. यात खोटं काय आहे? ढकलला त्यानेच होता. मी एक अक्षर खोटं बोललो नाही, आजही बोलत नाही.

त्याने हात पुसले. चिंधी घडी करून ठेवली, चिंधीची कुणी घडी करतं का? माझ्याकडे बघितलं, मला वाटलं आता बोलेल. दुसऱ्या दिवशी त्याचे पाने घेऊन गेला, आणि वडिलांचे सगळे मला ठेवून गेला.

तसं त्याने विचारलं होतं. बॉक्स वर चढवला तेव्हा बोटभर फट राहत होती, इंजिन आणि बेलच्या मध्ये. फट राहायला नको, तिन्ही खाचा जुळल्या असल्या तर राहतच नाही. तो खालून म्हणाला, दादा, तीन नक्की ना? मी म्हटलं, तीन म्हटलं ना एकदा, ओढून घे बोल्टने. मोजणाऱ्याने तीन म्हटलं की तीन. त्याने ओढून घेतले. मालकासमोर मी काय सांगणार होतो, की मला नक्की नाही? त्या मालकाला मी मागचीच एक गोष्ट सांगत होतो, एका गाडीची, रंगात आली होती गोष्ट, तो हसत होता, पंजा माझा बेलवर होताच की. दुसरा आलेला आठवतो मला. लख्ख आठवतो. मग मी हसलो. मग तीन म्हटलं.

तुम्ही कशाला विचारता असं? मी बोललो का, तिसरा आला नाही म्हणून? मी म्हटलं, मी हसलो.

बरं. दोनच आले होते. झालं समाधान? तुम्हाला हेच ऐकायला पाठवलं होतं ना? जा, सांगा जाऊन. कित्येक वर्षं माझी बायको विचारत होती, ती सुद्धा विचारायची थांबली, आणि तुम्ही एक तास स्टुलावर बसून काढून घेतलंत. तुम्ही मोजकंच विचारता, हेच वाईट आहे तुमचं. तोही असाच.

चला, आता ढकला तुम्हीच. बाह्या वर करा. मी मोजतो आणि विषय संपवतो. नाही, थांबा. तुमचे हात हे. तुमच्या हातांवर मी विश्वास ठेवू? आणि माझ्या तोंडावर तुम्ही?

तुम्ही नदीपलीकडूनच आलात ना? एक सांगा, गटाराचं झाकण खचतं हे तुम्ही त्या ड्रायव्हरला सांगितलंत? तुम्हाला माहीतच नव्हतं. मग मी सांगितलं? मी तर आत होतो. खोकलो सुद्धा नाही. फळ्या घेऊन निघणार तेवढ्यात ट्रक लागला होता. त्या झाकणाला वळसा घालून, आरसा न बघता, असा ट्रक आवारात घेणारा — टोपी काय, पोतं घालून बसला असता तरी धाकटाच तो — आणि मी तासभर बडबडतोय, दरवाजा सताड उघडा. काच वर आहे ना हो त्याची? पूर्ण वर? नीट बघून सांगा. चार बोटं खाली. केव्हापासून?

नको, मी नाही जात. तुम्ही जा. त्याला म्हणावं, ढकलायला मी आहे. खांदा दुखतो पण ढकलीन. मोजायचं त्याने. तो दोन म्हणाला तर संध्याकाळपर्यंत दोनच धरीन, पण तीन त्याच्या तोंडून येऊ दे. आणि ठिपक्याचा ब्रश जिथे असायचा तिथेच आहे. एवढंच सांगा, बाकीचं त्याने ऐकलंय.

आणि तुम्ही आत येऊ नका परत. टायरवाल्याकडे बसा. जाताना तो दरवाजा ओढून घ्या, आता मला इथे त्याच्या मोजण्याशिवाय कुणाचा आवाज नको — माझा सुद्धा.